दोर वर

बर्निसने मांडीने लाल दांडा पुढे रेटला आणि फांद्या भरडणाऱ्या चिपरचे दातेरी रूळ गचका देऊन जागच्या जागी थांबले. पाइनची फांदी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकून राहिली. आतला ढोल मात्र फिरतच होता. त्याला थांबायला वेळ लागतो. फांदीच्या हिरव्या सुयांमध्ये एक नारिंगी रेघ दिसत होती. आधी तिला वाटलं, तोडायच्या झाडांना खुणेसाठी बांधतात तसली फीत असेल. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तो दोर होता. रुळांच्या दातांपासून वीतभर अलीकडे येऊन थांबलेला. तिथून तो फांद्यांच्या ढिगाखालून, गवतावरून बुंध्याशी गेला होता आणि बुंध्यापासून सरळ वर, मिसेस थर्लोच्या घराच्या धुराड्याच्याही वर, झाडावर चढलेल्या रोझेरच्या कमरेला.

तिने दांडा उलटा ओढला. रूळ मागे फिरले, फांदी कुरकुरत बाहेर आली. बर्निसने दोर सोडवून लांब गवतात फेकला, इंजिन बंद केलं, किल्ली खिशात टाकली आणि ती यंत्रापासून मागे सरली. ढोल घुमत घुमत मंदावला आणि एकदाचा थांबला, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

या चिपरला सगळे 'मेमेर' म्हणायचे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या गिरणीच्या गावात फ्रेंच घरांतली पोरं आजीला मेमेर म्हणतात. आणि हीसुद्धा दिवसभर खाते आणि दिवसभर कुरकुरते, असं रोझेरचं म्हणणं. चेष्टा चेष्टेच्या जागी. बर्निस अकरा वर्षं मेमेरच्या तोंडाशी उभी होती आणि तिचा धाक एक दिवसही कमी झाला नव्हता. मांडीएवढं जाड लाकूड मेमेर अशी ओढून घ्यायची, की नवीन बघणारा दोन पावलं मागे सरायचा, आणि पलीकडच्या सोंडेतून त्याचा पिवळा भुगा ट्रकमध्ये उडायचा. त्यातल्या जोराचं बर्निसला अजूनही नवल वाटे, पहिल्या दिवशी वाटलं होतं तेवढंच. म्हणून तिचे नियम कडक होते. समोर नाही, बाजूला उभं राहायचं. फांदी बुंध्याकडून घालायची आणि रुळांनी धरली की हात सोडून वळायचं. सैल बाह्या नाहीत, मनगटावर रुळणारे हातमोजे नाहीत. बारीक काटक्या हाताने ढकलायच्या नाहीत, आणि पायाने ढकलणाऱ्याला तर ती घरी पाठवायची.

आणि झाडावर माणूस असला तर या सगळ्याच्या वरचा नियम दोराचा. वरच्या माणसाच्या दोराचं टोक खाली लोंबतं, जमिनीवर लोळतं. त्यावर तोडलेल्या फांद्या पडतात. खालची माणसं त्या फांद्या ओढत चिपरकडे नेतात, आणि त्यांच्याबरोबर दोरही. मेमेरला फांदी काय आणि दोर काय, सारखंच. नदीपलीकडच्या एका गावात असं एकदा झालं होतं. त्या माणसाचं पुढे काय झालं ते या धंद्यातलं कुणी जेवताना बोलत नाही. तेव्हापासून मालक केंडलच्या बापाने रीत घालून दिली होती. खालून विचारायचं, "दोर?" वरच्याने खाली बघायचं, टोक ओढून कमरेच्या कडीला अडकवायचं आणि मग सांगायचं, "वर!" हा शब्द आल्याशिवाय मेमेरला घास नाही.

आज बर्निसने विचारलं होतं. नेहमीसारखं कानावरचं टोपण सरकवून, हनुवटी वर करून. आणि उत्तरही आलं होतं. "वर!" अगदी खणखणीत.

आता तिला भीतीपेक्षा राग आला. रोझेर ओलेट एकसष्ट वर्षांचा होता, त्यातली चाळीस झाडांवर गेलेली. या कामात त्याने एकदासुद्धा थाप मारली नव्हती. कमरेवर हात ठेवून तिने वर पाहिलं. झाड म्हणजे डोंगरच होता. मिसेस थर्लोच्या आजोबांनी घर बांधलं तेव्हाही हा पाइन म्हातारा होता म्हणे. तिघांनी हातात हात धरले तरी बुंधा कवेत येत नव्हता. ऑगस्टमध्ये वीज पडून तो वरून चिरला होता आणि घराकडे कलला होता. त्या उंचीवर रोझेरचं लाल शिरस्त्राण बोराएवढं दिसत होतं.

"रोझेर!"

त्याची करवत थांबली होती. मेमेर बंद होती. उताराखालच्या नदीचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, इतकी शांतता. खोडाकडे तोंड करून तो बोटांनी भुसा झटकत राहिला.

"रोझेर, खाली बघ!"

नाही बघितलं. मग आपणहून त्याने मान वळवली, त्याला बर्निस दिसली, तिचं वर केलेलं तोंड दिसलं.

"वर!" तो ओरडला आणि त्याने हात हलवला.

तिने काहीच विचारलं नव्हतं.

बर्निस तशीच उभी राहिली. लिओ पॉमरलो हा गडी फांद्यांचा भारा ओढत आला आणि यंत्र का बंद म्हणून विचारू लागला. लिओ पोट सुटलेला, तोंडाने फटकळ, पण कामाला वाघ. जरा दम खाऊ दे मेमेरला, असं काहीतरी तिने सांगितलं. तिची नजर वरच होती. तिने पुन्हा हनुवटी उचलली, ओठ हलवले आणि आवाज काढलाच नाही. दोर?

"वर!"

दोर तिच्यासमोर गवतात पडला होता.

मग तिने नाक पुसल्यासारखा हातमोजा तोंडावर धरला आणि पोटातून जोर काढून ओरडली, "दोर?"

लिओ दचकून बाजूला झाला. वर रोझेर शांतपणे तिच्याकडे बघत होता, ती विचारते कधी याची वाट बघत.

"कुणाला ओरडतेस गं? मी काय केलं?" लिओ म्हणाला.

हात लांब करून तिने गवतातल्या दोराकडे बोट दाखवलं. आता रोझेरने खाली बघितलं. एवढ्या उंचावरही त्याचा चेहरा पडलेला तिला दिसला. त्याने भराभर दोर ओढून घेतला, कडीला अडकवला आणि चूक झाली म्हणून शिरस्त्राणाला हात लावला. दोर कुठवर गेला होता ते त्याला ठाऊक नव्हतं. लिओलाही नव्हतं. ते तिघांत तिला एकटीलाच ठाऊक होतं.

तिने मेमेर पुन्हा सुरू केली नाही. तो खाली उतरेपर्यंत फांद्या नुसत्या रचून ठेवायच्या, असं तिने लिओला सांगितलं. लिओ म्हणाला, संध्याकाळी डोंगर होईल. होऊ दे, ती म्हणाली.

फांद्या रचता रचता गेल्या दोन-तीन वर्षांतल्या गोष्टी तिच्या मनात एकेक करून जागेवर बसू लागल्या. रोझेर विनोदावर सगळ्यांच्या मागून हसायचा. चर्चमधल्या शनिवारच्या जेवणाला त्याने यायचं सोडलं होतं. उकडलेल्या घेवड्याने पोट बिघडतं म्हणे, जन्मभर जो दोन ताटल्या हाणायचा त्याचं. ट्रकमध्ये तो अखंड बडबड करायचा, दुसऱ्याला तोंड उघडू द्यायचा नाही, आणि सगळे म्हणायचे की म्हातारा वाचाळ झाला. केंडलने वसंतात सगळ्यांसाठी कानात बोलणारे रेडिओ घ्यायचं काढलं, तेव्हा रोझेर केवढा भडकला होता. कानाशी कुणी कुजबुजलेलं आपल्याला खपत नाही, बायकोचंही नाही, असं म्हणून त्याने विषय हसण्यावारी नेला होता. ते आठवून बर्निसला भडभडून आलं.

केंडलला सांगितलं तर उद्यापासून रोझेर जमिनीवर, हे उघड होतं. केंडल वाईट नव्हता; रोझेरला काका म्हणायचा, त्याच्याच हाताखाली दोर बांधायला शिकला होता. म्हणूनच तो त्याला दुसऱ्या दिवशी वर जाऊ देणार नाही. आणि जमिनीवरचा रोझेर कसा असेल ते बर्निसच्या डोळ्यांसमोर येईना. पण न सांगावं तर ती वीतभर नारिंगी रेघ डोळ्यांसमोरून हलेना. आज वीतभर राहिली होती. उद्या एक फांदी थोडी दाट असली की झालं.

दुपारनंतर रोझेर शेंडा पाडायला वर सरकला. हे काम सगळ्यात अवघड. शेंडाच मोठ्या झाडाएवढा होता, आणि वीज तिथूनच आत शिरली होती. मिसेस थर्लो ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि हात छातीशी धरून बघत राहिल्या. लिओही गप्प झाला, हे विशेष.

रोझेरने पुढून खाच घेतली. मागून कापायला सुरुवात केली आणि एकाएकी करवत बंद करून कमरेला लटकवली. खालून तर काहीच झालं नव्हतं. बर्निसचे कान चांगले तीक्ष्ण होते. मेमेरच्या पोटात खडा गेला तर टोपण लावूनही तिला कळायचं. तिला ना तडकल्याचा आवाज आला, ना कुरकुरल्याचा. रोझेरने हातमोजा काढून दातांत धरला. उघडा तळहात खोडावर ठेवला. मग छातीच टेकवली, गालही टेकवला, आणि तसाच राहिला. झाड आणि माणूस मिळून एकच काहीतरी ऐकत असावेत असं बर्निसला वाटलं, आणि तिच्या अंगावर काटा आला.

थोड्या वेळाने त्याने दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून लिओला दाखवली. साखळी. लिओने सामानाच्या दोराला साखळी बांधून वर पाठवली. कापाच्या हातभर खाली रोझेरने ती खोडाभोवती दोनदा फिरवून आवळली आणि मग पुन्हा करवत घेतली.

शेंडा आधी नुसता झुकला. मग सगळ्या सुयांतून वारा गेल्यासारखा दीर्घ सुस्कारा झाला आणि तो घरापासून दूर, कुरणाच्या बाजूला, ठरवलेल्या जागी जाऊन पडला. जमीन पायाखाली हादरली. त्याच क्षणी वरचं खोड कापापासून उभं फाटलं. पांढरी फट रोझेरच्या दिशेने सर्रकन खाली आली आणि साखळीपाशी येऊन थांबली. साखळी नसती तर तिथे रोझेर होता. तो हलत्या खोडाला धरून झोके खात राहिला आणि झोके थांबल्यावर त्याने खोडावर दोनदा थाप मारली, घोड्याच्या मानेवर मारतात तशी.

"देवा," मिसेस थर्लो एवढंच म्हणाल्या.

बर्निसला रडू येत होतं आणि तिला ते लपवावंसंही वाटेना. एवढी वर्षं तिने मेमेरच्या ताकदीचा धाक बाळगला होता. आज जे पाहिलं ते त्याहून मोठं होतं आणि त्याला आवाजसुद्धा नव्हता. हा माणूस खाली उतरवायचा आणि त्याच्या जागी धडधाकट कानांचा कुणी पोरगा चढवायचा, हे तिच्या हातून होणार नव्हतं. आणि आज सकाळसारखं पुन्हा होऊ देणं, हेही होणार नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही तिच्याच पदरात पडल्या होत्या.

केंडल दुसऱ्या गावातल्या एका कामाचा अंदाज देऊन आला, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. रोझेर ट्रकच्या मागच्या बाजूला पाठमोरा उभा राहून हातावरचा चीक तेलाने काढत होता. फांद्यांचा न भरडलेला ढीग बघून केंडलच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आज मेमेरचा उपास होता का?"

"दोर तिच्या तोंडाशी गेला होता," बर्निस म्हणाली. "रोझेर वर असताना. एवढा राहिला होता." तिने वीत दाखवली.

केंडलचा चेहरा पांढरा पडला. लिओच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला.

"तुम्ही विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. मला 'वर' ऐकू आलं. तो काय म्हणाला देव जाणे." पुढचं वाक्य तिने दुपारभर मनात घोळवलं होतं, तरी तोंडातून निघताना ते जड गेलं. "माझे कान गेलेत, केंडल. बरेच दिवस झाले. मी कुणाला सांगितलं नाही."

मग लिओ हळूच म्हणाला, "तरीच. सोमवारी मी हिला दोनदा हाक मारली. मला वाटलं, रागावलीय."

सोमवारी ती खरोखरच रागावलेली होती. तिने ते तसंच राहू दिलं.

केंडललाही मागचं काही काही आठवू लागलं. परवा फोनवर म्हणे बर्निसनी पत्ता दोनदा विचारला होता. मागच्या महिन्यात वाढदिवसाचं गाणं चालू असताना त्या मध्येच उठून गेल्या होत्या. बघता बघता दोघांनी मिळून तिला पुरती बहिरी करून टाकली, आणि बर्निसला एवढ्या दुःखातही गंमत वाटली. एकदा शब्द कानावर पडला की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात, ते असे.

"बर्निस, तुम्हाला कळतंय ना," केंडल तिच्यासमोर येऊन, तोंड मोठं करून म्हणाला, "मी आता तुम्हाला मेमेरवर ठेवू शकत नाही."

हे येणार, हे तिला माहीत होतं. तरी ते ऐकताना तिची नजर मेमेरकडे गेली. मेमेर ती डोळ्यांपेक्षा कानांनी चालवायची. पाती बोथट झाली की तिचा सूर कसा उतरतो, ओलं लाकूड गेलं की ती कशी घोगरी होते, जास्त घास झाला की कशी धापा टाकते, हे सगळं तिचं होतं, आणखी कुणाचंही नव्हतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "लिओ घालेल. मी फांद्या ओढीन. पण एक कर. ओरडून विचारणं बंद कर. माझेच कान गेलेत असं नाही, या धंद्यात सगळ्यांचे जाणार आहेत. वरच्याने दोर ओढला की त्याचं वेटोळं हात उंच करून दाखवायचं. ते डोळ्यांनी दिसलं तरच घास. नाही दिसलं तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात."

केंडलने मान हलवली. हे आधीच करायला हवं होतं, असं तो स्वतःशीच म्हणाला. मग बर्निसचे कान तपासून घ्यायला हवेत, असं काहीतरी त्याने काढलं. बर्फ पडून काम बंद झालं की बघू, असं तिने सांगितलं आणि त्यालाही ते पटलं. "आणि ते रेडिओ मग नकोतच आता," तो म्हणाला. "तुम्हाला त्याचा काय उपयोग."

मग तो ट्रकच्या मागे गेला. बर्निसने लांबून बघितलं. केंडल रोझेरच्या समोर उभा राहून बोलत होता, तिच्याकडे बोट दाखवत होता, स्वतःच्या कानाला हात लावत होता, दोराचं वेटोळं उंच धरल्याची नक्कल करत होता. रोझेर त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होता. मग त्याने केंडलच्या खांद्यावरून तिच्याकडे पाहिलं. तेलाचा बोळा त्याच्या हातात तसाच राहिला होता. तिने नजर काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. बर्निस नेहमीपेक्षा लवकर आली, पण रोझेर त्याआधीच येऊन बुंध्याशी उभा होता. त्याच्याकडे कॉफीचे दोन पेले होते. कधी कुणासाठी कॉफी आणणाऱ्यांतला तो नव्हता. एक पेला तिला देऊन तो बरोबर तिच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून उभा राहिला.

"माझ्या तोंडाकडे बघ," तो सावकाश म्हणाला. एकेक शब्द ओठांवर ठेवून बोलत होता. "कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील," ती म्हणाली.

"लाज वाटते?"

"वाटते," ती म्हणाली, आणि हे खरं होतं.

रोझेरने कॉफीचा घोट घेतला. "मला पाच झाली," तो म्हणाला. "घरी मारीलासुद्धा ठाऊक नाही. तिला वाटतं, मी तिचं ऐकत नाही. तसं तिला लग्नापासूनच वाटतंय."

हसावं की काय करावं हे बर्निसला कळेना. आपण एका माणसाला आपल्या खोट्याने किती एकटेपणातून बाहेर काढलंय, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघताना कळलं आणि ती घाबरली. आता हे खोटं परत घेता येणार नव्हतं.

मग रोझेर तिला शिकवू लागला, जसा चाळीस वर्षं लोकांना गाठी शिकवत आला होता. जेवायला बसताना भिंतीला पाठ लावायची, म्हणजे मागून कुणी बोलत नाही. नुसतं 'काय?' म्हणायचं नाही, 'पुन्हा सांग, चांगलं होतं' असं म्हणायचं. लिओच्या मिशा ओठांवर येतात, त्याच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांवरून अंदाज घ्यायचा. बायका नीट ओठ हलवून बोलतात, पाद्री तर फारच छान. ती मान डोलवत राहिली. त्याच्या आवाजात एक हलकेपणा आला होता, ट्रकमधल्या त्या अखंड बडबडीत तो कधीच नसायचा.

"आणि काम?" तिने ओठ स्पष्ट हलवत विचारलं.

तो थांबला. "काल मी काय ओरडलो कुणास ठाऊक. पण खाली बघितलं नव्हतं, एवढं मला ठाऊक आहे. तुझी हनुवटी उचलली गेली की मी 'वर' म्हणायचो. सगळा दोष तू घेतलास, तो निम्मा माझा आहे. आज घरी जाण्याआधी केंडलला सांगणार आहे. वेटोळ्याची ही तुझी रीत असली, तर तो मला वर राहूही देईल कदाचित. नाही दिलं तर नाही." तो वर, शेंडा गेलेल्या खोडाकडे बघत म्हणाला, "काल रात्री वाटलं, बर्निसला सांगता येतं, तर मला का नाही?"

बर्निसने पेला गवतात ठेवला.

"इकडे ये," तो म्हणाला. त्याने तिचा हातमोजा काढला आणि तिचा तळहात खोडाच्या खडबडीत सालीवर ठेवला. "दाबू नकोस. नुसता ठेव. आता वर वारा आहे बघ."

आधी नुसती थंडगार साल लागली. चर्चची घंटा वाजत होती, मागे रस्त्यावर लिओच्या गाडीचं दार आपटलं, कावळे ओरडत होते, आणि या सगळ्यामुळे तिला काहीच कळेना. मग तिने डोळे मिटले. कुठून तरी खूप खोलातून एक हळू थरथर आली, गेली, पुन्हा आली. वरचा वारा सगळ्या खोडातून उतरत, तिच्या हातातून, पायांखालच्या मुळांत जात होता. एवढं अजस्र झाड, शेंडा तोडलेलं, अजून उभं, आणि आतून असं हलत होतं. अकरा वर्षं ती या झाडांखाली वावरली होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले.

"आलं?" रोझेर म्हणाला.

तिने मान हलवली.

मागे मेमेर सुरू झाली. लिओ आणि केंडलने तिला जागं केलं होतं. सुरू होताच ती किंचाळली, लांबलचक, चिरका सूर काढून, आणि बर्निसला तत्क्षणी कळलं की ढोलाचा पट्टा सैल झालाय, थंडीत होतो तसा, आणि वरचं चाक वळवून एक फेरा आवळला की तो गप्प होईल. तिच्या खांद्यांनी वळायची तयारीसुद्धा केली होती. तिने ते तिथेच धरून ठेवले.

"बर्निस!" केंडल ओरडला. सवयीने. "अहो, हा आवाज कसला येतोय?"

ती खोडावर हात ठेवून उभी राहिली. मेमेर किंचाळत होती. रोझेर तिच्या खांद्यावरून पलीकडे केंडलच्या ओठांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं. त्याने तिच्या दंडाला बोट लावलं.

"केंडल विचारतोय," तो म्हणाला, "आवाज कसला येतोय?"

बर्निसने त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कसला आवाज?" ती म्हणाली.